माझ्या आजीची कॅसेट, आणि मशीन म्हणतं कॉपी करता येणार नाही

आमच्याकडे एक व्हीएचएस कॅसेट आहे. काकांनी स्वतःच्या कॅमेऱ्यावर घेतलेली. तिच्यात आजी दोन-तीन मिनिटं बोलते आणि मधेच खळखळून हसते. तिचा आवाज आता आमच्याकडे दुसरा कुठेही नाही.

गेल्या महिन्यात ती डीव्हीडीवर उतरवायला बसलो. काही मिनिटांत रेकॉर्डर थांबला आणि पडद्यावर आलं की हे संरक्षित आहे, रेकॉर्ड करता येणार नाही. टेप मागे घेऊन पुन्हा लावली. पुन्हा तेच, पण थांबण्याची जागा वेगळी. तिसऱ्यांदा आणखी वेगळी. मला खरंच खूप वाईट वाटलं. घरच्या कॅसेटवर संरक्षण घालणार कोण?

थोडं खोलात गेल्यावर उलगडा झाला. सिनेमाच्या कॅसेटची नक्कल होऊ नये म्हणून १९८० च्या दशकात मॅक्रोव्हिजन नावाचं तंत्र आलं. टीव्हीचं प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत येतं, त्यांना फील्ड म्हणतात. दोन फील्डच्या मधे, टीव्हीवर न दिसणाऱ्या ज्या रेषा असतात, त्यांत मुद्दाम जास्त ताकदीचे सिग्नल घालायचे. टीव्हीला सहसा फरक पडत नाही. पण व्हीसीआरमध्ये सिग्नलची पातळी आपोआप सांभाळणारं सर्किट असतं, ते फसतं आणि नक्कल कधी काळपट, कधी भगभगीत होते. पुढे डीव्हीडी रेकॉर्डर आले, ते असा सिग्नल ओळखून रेकॉर्डिंगच बंद करतात. अमेरिकेने तर १९९८ च्या डीएमसीए कायद्यात व्हीसीआर बनवणाऱ्यांवर हे तंत्र मानण्याची सक्तीच केली.

आता जुनी फीत घ्या. ती ताणलेली असते, कडेला झिजलेली असते, सिग्नल थरथरतो. नेमक्या त्याच न दिसणाऱ्या रेषांमध्ये खरखर येते आणि रेकॉर्डरला ती मॅक्रोव्हिजन वाटते. म्हणजे टेप जितकी खराब, तितका तो अडण्याचा संभव जास्त. जिला वाचवण्याची सगळ्यात घाई, तीच अडवली जाते!

सिनेमावाल्यांनी आपला माल जपावा, त्याला माझी हरकत नाही. राग याचा आहे की 'ही माझी घरची टेप आहे' हे सांगायला माझ्या रेकॉर्डरवर एक बटणसुद्धा नाही.

मला उपाय सापडला तो टाइम बेस करेक्टर. हा डबा व्हीसीआर आणि रेकॉर्डरच्या मधे लावायचा. पूर्ण फ्रेम साठवणाराच घ्या. तो चित्र मेमरीत घेतो आणि नवा, स्थिर सिंक सिग्नल (चित्र आणि त्यातली प्रत्येक रेष कुठे सुरू होते हे सांगणारा) लावून पुढे पाठवतो. सिनेमाच्या कॅसेटवरचं संरक्षणही तो बहुधा पुसतो, म्हणून काहींना तो आवडत नाही. माझ्यासाठी मात्र त्याच्यामुळे आजी पहिल्यांदा न अडखळता शेवटपर्यंत बोलली.

आणि फक्त डिस्कवर थांबू नका. घरी लिहिलेल्या डीव्हीडीतला रंगाचा थरही कालांतराने खराब होतो. डिस्क फायनलाइझ करायला, म्हणजे लिहून झाल्यावर रेकॉर्डरमधून ती पक्की बंद करायला, विसरलात तर दुसऱ्या प्लेअरवर ती बहुतेक वेळा लागतच नाही. कॉम्प्युटरवर फाइल करून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, तिने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. आता जी यंत्रं चालू आहेत तेवढीच. माझ्याकडे अजून सहा कॅसेट बाकी आहेत, त्यातल्या एकीवर पांढरी बुरशी दिसते. ती तशीच व्हीसीआरमध्ये घातली तर फीत वाचणारं हेड खराब होईल, म्हणून आधी साफ करून घेतोय. तिच्यावर काय आहे, घरात कुणालाच आठवत नाही.