फवारणीच्या औषधानं तळं ‘साफ’ होईल, हे खरंच!

‘शेततळ्यातला मासा खाल तर मेंदूत किडा जाईल’ असा एक मेसेज सध्या जालना-परभणीकडच्या ग्रुपांवर फिरतोय. फिरेना का, म्हणून सोडून दिला असता. पण अंबडकडच्या आमच्या दाजींनी फोन करून विचारलं, “कपाशीवरचं औषध तळ्यात किती टाकू?” त्याच मेसेजात शेवटी लिहिलंय म्हणे: माशावर किडे दिसले की फवारणीचं औषध सोडा, दोन दिवसांत तळं साफ.

साफ होईलच. दाजींच्या तळ्यात रोहू-कटलासोबत यंदा झिंगाही आहे. माशावर दिसतो तो किडा बहुतेक अर्गुलस, म्हणजे माशाची ऊ. चपटी, पारदर्शक, मसुरीच्या डाळीएवढी. नीट पाहिलं तर दोन काळे डोळेही दिसतात. ही ऊ कवचधारी, झिंग्या-खेकड्याच्याच गोतातली. तिला मारणारं औषध झिंग्याला सोडेल होय? कपाशीवरच्या सायपरमेथ्रिनसारख्या औषधानं मासेही मरतात. वर तेच पाणी जनावरं पिणार. आणि एवढं करून उवेची अंडी राहतातच, कारण मादी ती माशावर घालत नाही. दगडाला, तळ्याच्या अस्तराला ओळीनं चिकटवते.

अर्गुलसवर औषधं वापरतात, नाही असं नाही. पण ती तळ्यातलं पाणी मोजून, मत्स्य विभागाच्या माणसाला विचारून. झिंगा असेल तर त्या वाटेला जाऊच नये. बांबूच्या पट्ट्या पाण्यात सोडा, अंडी चिकटली की बाहेर काढून कडक उन्हात वाळवा. उन्हाळ्यात मोसंबीला पाणी देऊन तळं रिकामं झालं की अस्तर घासून वाळू द्या. नवी बोटुकली, म्हणजे माशाची बोटाएवढी पिल्लं, ऊ नाही ना हे बघूनच सोडा.

आता मेंदूतला किडा. जागतिक आरोग्य संघटनेनं स्वच्छ लिहिलंय: तो डुकराच्या पट्टकृमीचा (टेपवर्मचा), आणि त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून अन्नपाण्यात येतात. माशाचा इथं संबंध काय? उलट न धुतलेल्या कोथिंबिरीला घाबरा.

झिंग्याच्या पाठीतल्या काळ्या धाग्यालाही काही जण जंत समजतात. ते त्याचं आतडं, जंत नव्हे. कचकच लागते म्हणून काढायचा. लिंबू चोळल्यानं जंत मरतात, हेही खोटं.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. गोड्या पाण्यातल्या कच्च्या माशातून यकृतातले कृमी आणि कच्च्या खेकड्यातून फुप्फुसातले कृमी माणसात येतात, हेही त्याच संघटनेनं सांगितलंय. मणिपूर-अरुणाचलात फुप्फुसातल्या कृमींचे रुग्ण सापडतात. खोकला आणि थुंकीतलं रक्त पाहून आधी टीबीच वाटतो. आपल्याकडे कच्चा मासा खातो कोण? रस्सा रटरटा उकळतो, त्याची काळजी नको. गडबड होते ती ढाब्यावरच्या जाड तुकड्यात: वरून कुरकुरीत, काट्यापाशी गुलाबी. तुकडा आतपर्यंत ६३ अंश सेल्सियस तापायला हवा. काट्यापाशी कच्चा लागला तर सरळ परत पाठवा.