‘१० दिवस कुत्रा बघा, मग इंजेक्शन’ : हा मेसेज पुढे पाठवू नका

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या आठवड्यात पुन्हा तो मेसेज आला. ‘कुत्रा चावला तर लगेच दवाखान्यात पळू नका. १० दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवा, तो मेला तरच इंजेक्शनं घ्या. घरचा कुत्रा असेल किंवा नुसता ओरखडा असेल तर काहीच करायला नको. जखमेवर हळद आणि लाल तिखट दाबून बांधा. दवाखान्यात गेलात तर पोटात १४ सुया टोचतील.’ मी शाळाशाळांतून मुलांशी आणि पालकांशी याच विषयावर बोलते. हा मेसेज खरा मानणारी माणसं मला दर वेळी भेटतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

१० दिवसांची गोष्ट आधी, कारण तिच्यात थोडं खरं आहे आणि म्हणूनच ती पटते. रेबीज झालेल्या कुत्र्याच्या लाळेत विषाणू येतो तो लक्षणं दिसण्याच्या जेमतेम काही दिवस आधी. लक्षणं दिसली की कुत्रा लवकरच मरतो. त्यामुळे चावल्यावर १० दिवस कुत्रा किंवा मांजर धडधाकट राहिलं, तर चावलं त्या दिवशी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं म्हणता येतं. पण हा नियम इंजेक्शनं कधी थांबवायची ते ठरवण्यासाठी आहे. सुरू करायची ती चावल्या दिवशीच. पहिला डोस, मग तिसऱ्या आणि सातव्या दिवशीचा, आणि तोवर कुत्र्यावर नजर. दहाव्या दिवशी तो ठणठणीत असेल तर पुढचे डोस डॉक्टर बंद करू शकतात. मेसेजने नेमका हा क्रम उलटा केला आहे. शिवाय चावून पळालेलं भटकं कुत्रं १० दिवस कोण शोधणार? माकड, मुंगूस, कोल्हा यांना तर हा नियम लागूच होत नाही.

थांबण्याने काय होतं? विषाणू जखमेतून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकत जातो. बहुतेकदा दोन-तीन महिने लागतात, कधी आठवडाभरच, कधी वर्ष. चेहऱ्यावर किंवा मानेवर चावा असेल तर वाट छोटी, आणि लहान मुलाचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवरच असतो. पाणी बघून घशात आवळल्यासारखं व्हायला लागलं की पुढे माणूस जवळपास कधीच वाचत नाही. त्याआधी मात्र हा आजार हमखास टाळता येतो. चावून महिना उलटला आणि काहीच घेतलं नसेल, तरी आज जा.

घरच्या कुत्र्याचं म्हणाल, तर लस वेळेवर दिली होती का, दरवर्षीचा डोस चुकला का, हे घरातल्यांनाही नक्की आठवत नाही. त्याचाही चावा डॉक्टरांना दाखवायचाच. ओरखड्याचंही तसंच. रक्त आलं नसलं तरी लस लागते. रक्त आलं असेल, किंवा कुत्र्याने उघडी जखम, डोळा, ओठ चाटला असेल, तर लसीबरोबर सिरमही, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही आणि पालकांनाही ते फारसं माहीत नसतं. लसीने शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात. तोवर विषाणूला जखमेतच अडवायला हे सिरम जखमेत आणि तिच्या भोवती टोचतात. खोल चावा असेल तर ‘सिरम द्यायचं आहे का?’ हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

हळद-तिखटाने जखम चिडते आणि धुण्याची वेळ वाया जाते. या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, ते साबणाने फुटतं. म्हणून वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं, घड्याळ लावून धुवा. मूल रडेल, तरी धुवा.

१४ सुया एके काळी खऱ्या होत्या. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस पोटात टोचत असत. भारतात ती २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता इंजेक्शन दंडात, लहान बाळांना मांडीत, आणि सरकारी दवाखान्यात त्वचेत देतात तेव्हा चार फेऱ्या: पहिल्या डोसचा दिवस शून्य धरून मग तिसरा, सातवा, अठ्ठाविसावा. तिथे ही लस फुकट मिळते.

लोकांना शिकवून काय होतं, असंही मला ऐकवलं जातं. गोव्याकडे बघा. तिथे सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेने जाळी घेऊन वाड्यावाड्यांतल्या कुत्र्यांना लस दिली आणि त्याच जोडीने शाळाशाळांत जाऊन मुलांना शिकवलं. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं, तेव्हा आधीच्या तीन वर्षांत तिथे माणसाचा एकही रेबीज-मृत्यू नोंदलेला नव्हता.

या मेसेजमधली मला सर्वांत जास्त सलणारी ओळ १४ सुयांचीच आहे. ती मुलंही वाचतात. रेबीजचा संशय असलेला प्राणी चावलेल्यांत १५ वर्षांखालची मुलं सुमारे ४० टक्के असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सुईची आणि ‘गेलास कशाला कुत्र्याजवळ?’ या ओरडण्याची धास्ती घेतलेलं मूल पोटरीवरचा चावा मोज्याखाली लपवतं. आज रात्री जेवताना मुलांना एवढंच सांगा : कुत्रं चावलं, ओरखडलं, तर लगेच येऊन सांग, आम्ही रागावणार नाही. आणि त्याने खरंच सांगितलं, तर काही विचारायच्या आधी त्याला नळाखाली न्या.