केदारकंठा व्हाया कॉटन मार्केट

ट्रेकला काय आणावं, काय नाही, त्या यादीत चौथ्या नंबरवर लिहिलं होतं : सुती कपडे आणू नयेत.

मी ते दोनदा वाचलं. माझं बालपण नागपुरात, कॉटन मार्केटच्या मागच्या गल्लीत गेलं. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. तीच, जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली. आजोबांच्या पगारावर घर उभं राहिलं आणि मिलच्या कापडात आम्ही. ज्या गावात कापसावर संशोधन करायला केंद्र सरकारनं अख्खी संस्था काढली, त्या गावच्या माणसाला डेहराडूनहून कोणीतरी कळवतं, की बनियनसुद्धा सुती नको.

झालं असं, की मला पन्नास पूर्ण झाली म्हणून बंगळुरूच्या लेकीनं परस्पर केदारकंठा शिखराच्या ट्रेकचं बुकिंग केलं. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, उत्तराखंड, साडेबारा हजार फूट, सगळीकडे बर्फ. नागपूर समुद्रसपाटीपासून हजारेक फुटांवर आहे आणि आमच्याकडचा सगळ्यात मोठा चढ म्हणजे सेमिनरी हिल्स. थंडीचं म्हणाल, तर २९ डिसेंबर २०१८ ला इथं पारा ३.५ वर गेला होता. ती गोष्ट आम्ही अजून पाहुण्यांना सांगतो.

"बाबा, तिकडे थंडीपेक्षा घामाची भीती जास्त," लेक फोनवर म्हणाली. "चढताना घाम येतो, सुती कापड तो पिऊन बसतं, थांबलात की तेच ओलं कापड अंगाला गारठवतं."

"अगं, घामाचं मला शिकवते काय? नागपूरचा आहे मी."

"तुम्ही फक्त खोकं उघडा आणि सगळं घालून बघा. आत्तापासून सवय करा."

आत्तापासून म्हणजे ऑक्टोबरपासून. ऑक्टोबरात नागपूर कसं असतं ते ज्याला माहीत आहे त्यानं एक मिनिट माझ्यासाठी हळहळावं.

खोकं आलं. बायकोनं ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर उघडलं आणि एकेक वस्तू वर धरून माझी उलटतपासणी सुरू केली. पहिला थर मेरिनो जातीच्या मेंढीच्या लोकरीचा. आठ दिवस न धुता घातला तरी वास मारत नाही, असं लेकीचं म्हणणं. "हे तुम्हाला सांगायला नको होतं तिनं," बायको म्हणाली. दुसरा थर फ्लीसचा. हे कापड १९७९ च्या सुमारास अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या एका कापडगिरणीनं आणलं. म्हणजे तीही गिरणीच, हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं. पण माझं फ्लीस पाण्याच्या जुन्या प्लास्टिकच्या बाटल्या वितळवून केलेलं निघालं. १९९३ पासून तसंही करतात म्हणे.

"म्हणजे भंगारवाल्याला मी बाटल्या देते, आणि तो त्या तुम्हाला परत पाठवून राहिला?"

तिसरं पिसांचं जॅकेट. त्यावर ७०० असा आकडा. मला वाटलं किंमत, आणि मी खूश झालो. किंमत दुसऱ्या चिठ्ठीवर होती. ७०० म्हणजे औंसभर पिसं, जेमतेम २८ ग्रॅम, फुगून ७०० घनइंच जागा अडवतात. मी हिशोब केला. साडेअकरा लिटर होतात. ऊब पिसांची नसतेच, त्यांच्यात अडकलेल्या हवेची असते. हे ऐकून बायको म्हणाली, "यात नवीन काय? आमच्याकडे पिंजारी यायचा, तो तांत मारून मारून हेच तर करायचा. दोन किलो कापसाची गादी छतापर्यंत फुगायची." वाद घालण्यासारखं काही नव्हतं. फक्त पिंजाऱ्यानं गादीवर आकडा छापला नाही.

हातमोज्यांच्या मनगटाला वेल्क्रो होतं. १९४१ साली जॉर्ज द मेस्त्राल नावाचा एक स्विस इंजिनियर शिकारीहून घरी आला आणि कुत्र्याच्या अंगाला चिकटलेली गोखरं त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली धरली. आमच्या आजीनं तीच गोखरं आमच्या चड्ड्यांवरून आयुष्यभर काढली, पण ती शिव्या देत काढत असल्यामुळे शोध लागायचा राहिला.

सगळ्यात वरचं पावसा-बर्फाचं जॅकेट मात्र खरंच अजब चीज. त्याच्या पोटात एक पडदा असतो. १९६९ साली बॉब गोर नावाचे गृहस्थ टेफ्लॉनच्या, म्हणजे आपल्या नॉनस्टिक तव्याच्याच मालाच्या, तापवलेल्या कांड्या हळूहळू ताणून बघत होते. कांड्या तुटत होत्या. शेवटी वैतागून त्यांनी एक जोरदार हिसका दिला, तर कांडी आठपट लांब झाली आणि तिला अतिसूक्ष्म छिद्रं पडली. छिद्र पाण्याच्या थेंबाहून २०,००० पट लहान आणि वाफेच्या कणाहून ७०० पट मोठं. पाऊस आत येत नाही, घामाची वाफ बाहेर जाते. त्या जातीची रसायनं निसर्गात नष्ट होत नाहीत अशी ओरड झाल्यामुळे अलीकडे, २०२२ पासून, पॉलिथिनचा पडदाही आला आहे. माझं जॅकेट त्या नव्या पिढीतलं. "तव्यापेक्षा पिशवी बरी," असा निकाल ओट्यावरून मिळाला.

मी ते घालून गॅलरीत दहा मिनिटं उभा राहिलो. वाफ बाहेर गेली नाही. घामाच्या धारा लागल्या. लेकीला फोन लावून तक्रार केली, तर ती म्हणाली, "बाबा, आपला कूलर जुलैत का चालत नाही?" मी गप्प. जुलैत हवाच ओलीचिंब असते. ताट्यांवरचं पाणी वाळणार कुठे? जॅकेटचंही तेच. आत गरम आणि दमट, बाहेर थंड आणि कोरडं असेल तर वाफेला बाहेर जावंसं वाटतं. बाहेर पस्तीस अंश असतील तर ती म्हणते, इथंच बरी आहे. म्हणजे एवढं सगळं शास्त्र घाम काढण्यासाठी, आणि ज्या गावाला त्याची खरी गरज, तिथं ते चालत नाही.

बुटांबद्दल मी थट्टा करणार नाही. त्यांच्या तळव्यांची गोष्ट वाचली होती. १९३५ मध्ये आल्प्सच्या एका शिखरावर विताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाचे सहा सोबती वादळात दगावले. तेव्हाच्या बुटांना बर्फाळ खडकावर पकड नव्हती. पुढं १९३७ मध्ये त्यानं खोल नक्षीचा रबरी तळवा काढला, आणि १९५४ मध्ये इटालियन लोक के-टू शिखरावर पहिल्यांदा पोचले तेव्हा त्यांच्या पायात तसलेच तळवे होते. माझ्या बुटांना तीच नक्षी, शिवाय नाडीच्या जागी एक चकती. चकती फिरवली की बारीक तार आवळते, वर ओढली की सगळं सैल.

बूट आधी पायात रुळवायचे असतात. म्हणून पहाटे साडेपाचला अंबाझरीवर. घोट्यापर्यंत बूट, खाली लोकरी मोजे, वर हाफ पँट. तिसऱ्या दिवशी टाचेला फोड आला, चौथ्या दिवशी प्रसिद्धी. तर्री-पोह्याच्या ठेल्यावर एक जण म्हणाला, "काय काका, सैन्यात भरती होऊन राहिले काय?" दुसऱ्याला चकतीचंच कुतूहल. त्यानं विचारलं, "यानं रेडिओ लागते का जी?"

पण खरी परीक्षा अजून व्हायची होती.

रविवारची दुपार. बायको दिवाळीच्या खरेदीला इतवारीत गेलेली. लेक म्हणाली, व्हिडिओ कॉलवर सगळे थर एकावर एक घालून दाखवा, माप बघू. मेरिनो, फ्लीस, पिसांचं जॅकेट, टोपी चढवलेली, चेन हनुवटीपर्यंत. ती म्हणाली, "मस्त! दोन पावलं मागे जा." मी गेलो आणि लाइट गेली. पंखा थांबला, वाय-फाय गेलं, लेक गोठलेल्या हास्यासकट पडद्यावर अडकली. मी चेन उघडायला गेलो तर रनर गळ्याशी घट्ट. आतलं अस्तर दातांत शिरलेलं. जोर लावला तेव्हा रनर हलला नाही, पण खालून चेन आपोआप उसवत वर आली. म्हणजे पोट उघडं, गळा बंद.

मग डोक्यावरून काढायचं ठरवलं. दोन्ही हात वर, कोपरं कानाशी, जॅकेट नाकापर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. त्या अवस्थेत मी सोफ्याला एक आणि कपाटाला दोन धडका दिल्या. पुन्हा खाली ओढून घ्यायला त्याहून जास्त वेळ लागला. बायको फोन उचलेना. इतवारीत दिवाळीआधी फोनची रिंग ऐकू येत असेल तर ती इतवारी नव्हे.

लिफ्ट अर्थातच बंद. चार मजले उतरलो. चौकीदारानं जोर लावून बघितला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "साहेब, कात्री आणू का?" मला दुसऱ्या चिठ्ठीवरची किंमत आठवली. मी स्कूटर काढली.

शंकरनगर ते बर्डी, म्हणजे सीताबर्डीचा बाजार, हे अंतर फार नाही. पण प्रत्येक चौकात सिग्नल आहे आणि त्या दिवशी प्रत्येक सिग्नल मला बघून लाल होत होता. झाशी राणी चौकात पिसांच्या जॅकेटात हेल्मेट घालून मी उभा, घाम पाठीवरून खाली कुठे कुठे जात होता ते लिहीत नाही. गंमत अशी, की फारसं कोणी वळून बघितलंच नाही. उन्हात डोक्यापासून कमरेपर्यंत दुपट्ट्यात गुंडाळलेली माणसं या शहराला नवीन नाहीत. बाजूच्या गाडीवरच्या ताईंचे फक्त डोळे दिसत होते. त्या डोळ्यांत मला सहानुभूती दिसली. त्यांना वाटलं असावं, यांचा दुपट्टा जरा महागाचा आहे.

व्हरायटी चौकाच्या पुढे फुटपाथवर एक चेन दुरुस्त करणारे काका बसतात. समोर रनरनी भरलेला डबा, एक पक्कड, एक चिमटा. त्यांनी मला बसवलं नाही, उभंच ठेवलं आणि हनुवटी वर करायला लावली, दाढी करतात तशी.

"दोन रनरची चेन आहे जी ही. वरूनबी उघडते, खालूनबी. लावताना दोन्ही रनर पार खाली टेकवाचे, मग पिन घालाची. तुम्ही एकच टेकवला."

"खालून कशाला उघडायची असते?"

"मले कायले विचारता? जॅकेट तुमचं आहे."

त्यांनी चिमट्यानं अस्तराची कड पकडली आणि एका एका दातातून, घाई न करता, सोडवायला सुरुवात केली. त्यांचा घाम माझ्या बाहीवर पडत होता, माझा त्यांच्या मनगटावर. अस्तर सुटलं तसं त्यांनी मेणबत्तीचा तुकडा दातांवरून वर-खाली फिरवला, आणि रनर तुपावरून घसरावा तसा खाली आला. मी जॅकेट काढलं, फ्लीस काढलं, मेरिनो काढलं. बर्डीच्या फुटपाथवर कमरेपासून वर मी आता फक्त बनियनवर होतो. सुती. लेकीनं बजावूनही सकाळी सवयीनं आधी तेच चढवलेलं.

काकांनी एक बोट लावून पाहिलं.

"हे पिळून घ्या अगोदर," ते म्हणाले. "वीस रुपये झाले."

मी फुटपाथच्या कडेला जाऊन बनियन पिळलं. चांगलं ग्लासभर निघालं. परत येऊन पैसे दिले तर काकांनी मेणबत्तीचा तो तुकडाही कागदात गुंडाळून हातात ठेवला आणि विचारलं, "कुठं जाऊन राहिले एवढं घालून?"

"बर्फात. डिसेंबरात."

"अन् आज कायले घातलं?"

मागून येणाऱ्या बसनं हॉर्न दिला आणि मला उत्तर द्यायचं टळलं.