कोरडं तळं

बालीतल्या लेम्पुयांग देवळाचा तो फोटो तुम्ही पाहिलाच असेल. मधोमध दुभंगलेला दगडी दरवाजा, मागे आगुंग ज्वालामुखी आणि खालच्या तळ्यात सगळ्याचं उलटं प्रतिबिंब. तर तिथे तळं नाही. एक माणूस आपल्या मोबाइलच्या भिंगाखाली आरसा धरतो, झालं तळं. खाली कोरडी फरशी. त्या फरशीसाठी मी पहाटेपासून सारोंग गुंडाळून, हातात नंबर घेऊन बसलो होतो.

माझ्या पुढचा नंबर ठाण्याच्या एका काकांचा. ''मराठीच ना? तोंडावरूनच ओळखलं!'' परदेशात या वाक्यानं आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. क्षणात काकूंची पर्स, पाण्याची बाटली आणि भाकरवडीची पिशवी माझ्या मांडीवर.

वेळ जाईना म्हणून मी सांगितलं, ''आगुंग १९६३ साली फुटला होता. पुन्हा २०१७ला.''

''आज नाही ना फुटणार? आमचा नंबर जवळ आलाय.''

नंबर आला. आधी जोडीनं, मग काकू एकट्या, मग काकू आणि नणंद, मग नणंदेशिवाय, कारण तिचे डोळे मिटले होते. शेवटी काकांना उडी मारायची होती. फोटोवाला ओरडला, ''वन, टू, थ्री, जंप!'' काकांनी हात उंच केले, पाय फरशीवरच. ''वन्स मोअर!'' हे काकाच म्हणाले. मधूनच मला हाक, ''पर्सकडे लक्ष आहे ना?''

लक्ष आगुंगकडे होतं. त्याच्यावर ढग चढत होता.

माझी पाळी येईस्तोवर अख्खा ज्वालामुखी गायब. दोन दगडी खांब, मध्ये पांढरं फटक आणि त्यापुढे मी. ''नेक्स्ट!''

काकांनी माझा फोटो लांब धरून पाहिला. ''छान आलाय. मागे काही नसलं की माणूस उठून दिसतो.''

राग खरं तर वेगळ्याच गोष्टीचा आला. दरवाजाच्या बरोब्बर समोर देवळाचे तीन जिने आहेत, कठड्यांवर नाग कोरलेले. आम्ही रांगेतले सगळे त्यांच्याकडे पाठ करून बसलेलो. सगळ्यात वरच्या देवळापर्यंत सुमारे १७०० पायऱ्या. मी म्हटलं, ''काका, येताय वर?''

''वर फोटो कोण काढतं?''

मीही गेलो नाही. खाली ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. पिशवी मात्र काकांनी आठवणीनं परत नेली. एक भाकरवडी विचारली असती तर काय बिघडलं असतं?