घर विकताय? ते ०.५ चं बटण दाबू नका

गोव्यातलं, डिचोलीजवळचं मामीचं घर विकायला काढलं. एजंटने जाहिरात टाकली आणि आम्हालाच घर ओळखेना. बारा फुटांचा सोपा मंगल कार्यालयाएवढा, बाकडं रबरासारखं ताणलेलं, लाल जमीन फिल्टरने नारिंगी, आणि भर जुलैत आकाश निळंशार! पुण्याहून एक जोडपं आलं. दारातच बाईंनी विचारलं, "फोटोतला हॉल हाच का?" चहा प्यायले, गेले. पुन्हा फोन नाही. मामी आठवडाभर धुमसत होती, पुणेकरांवर नव्हे, फोटोवाल्यावर.

बरोबरच होतं तिचं. फोनच्या कॅमेऱ्यातली ०.५ ची रुंद लेन्स खोली मोठी दाखवते खरी, पण माणूस प्रत्यक्ष आला की तीच खोली त्याला आहे त्याहून लहान वाटते. मग भाव पाडून मागतो.

गणपतीची चवथ झाली, पाऊस ओसरला, ऑक्टोबरात मी स्वतः फोटो काढले. गोव्यात वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तोवर चिऱ्यांचं कुंपण शेवाळाने काळंकुट्ट झालेलं असतं. ते घासून घेतलं. साधी १ ची लेन्स, पाठ कोपऱ्याला टेकवलेली, फोन आडवा, छातीच्या उंचीवर. दाराची चौकट फोटोत सरळ उभी दिसली पाहिजे, नाहीतर भिंती अंगावर येतात. आणि आधी लेन्स पुसा हो! माझ्या फोनवर बांगड्याच्या तळणीचं तेल होतं, पहिले दहा फोटो धुक्यातले.

राजांगणात, म्हणजे घराच्या मधल्या उघड्या चौकात, मी तीनदा गेलो. बाराला ऊन डोक्यावर, तुळशीवृंदावन पांढरं फटक आणि भोवतीच्या पडव्या काळोखात. सकाळी नऊला मात्र कौलांवरून ऊन तिरकं उतरत होतं, खांबांच्या सावल्या लाल जमिनीवर लांब पडल्या होत्या. तो फोटो पहिला लावला. ट्यूब आणि पिवळे बल्ब दोन्ही बंद ठेवले, नाहीतर एकच भिंत अर्धी निळी, अर्धी पिवळी येते.

सिलिंडर, दोरीवरचे कपडे, औषधांच्या चिठ्ठ्या, घरच्यांच्या तसबिरी हलवल्या. माटोळीची, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगायची लाकडी चौकट मात्र छताला तशीच ठेवली. एजंटने ती फोटोतून पुसली होती, याचा मला अजून राग आहे. न्हाणीघराच्या भिंतीला ओल आहे, तिचाही जवळून फोटो टाकला. मामा म्हणाला, "वेडा झालास काय रे?" देवघराचा फोटो मामीने काढू दिला नाही. मीही आग्रह केला नाही.

रविवारी कोल्हापूरचं एक कुटुंब बघायला येतंय. फोनवर त्यांनी पहिली चौकशी केली ती त्या ओलीची, आणि दुसरी, छताला टांगलेलं ते लाकडी काय आहे याची.