कंपनीचा वाटा नेमका कुणाच्या खिशातून?

माझा भाचा ठाण्याला राहतो आणि बीकेसीत नोकरी करतो. गेल्या महिन्यात त्याने पगाराची स्लिप घरच्या ग्रुपवर टाकली आणि विचारलं, "मावशी, तुमच्याकडे पण असंच कापतात का गं?" कंपनीच्या बसचे अडीच हजार वजा झाले होते. निम्मा खर्च कंपनीचा, निम्मा तुमचा, असं त्याला नोकरीवर घेताना सांगितलं होतं. मी सीटीसीचा, म्हणजे कंपनीला त्याच्यावर होणाऱ्या एकूण खर्चाचा, तक्ता मागवला. कंपनीचे अडीच हजारही त्याच्याच पॅकेजमध्ये मोजलेले होते! म्हणजे पाचच्या पाच हजार त्याचेच.

मी फ्रँकफर्टला राहते. इथल्या माझ्या कंपनीत जॉबतिकीट, म्हणजे कंपनीमार्फत मिळणारा प्रवासाचा पास, आहे. देशभर लोकल, ट्राम, बस चालणारा मासिक पास २०२६ पासून ६३ युरोंचा झाला. कंपनीने किमान २५ टक्के भरले तर वरून ५ टक्के सवलत मिळते, त्यामुळे मला जास्तीत जास्त ४४ युरो १० सेंट पडतात. आरोग्य विम्याचा हप्ताही अर्धा माझा, अर्धा कंपनीचा. आणि महत्त्वाचं म्हणजे, माझ्या करारात जो वार्षिक पगार लिहिलाय त्यात कंपनीचा हा अर्धा भाग धरलेलाच नाही.

याचा अर्थ इथे सगळं चोख आहे असं नाही. सायकल भाड्याने घेण्याची योजना इथे फार लोकप्रिय आहे, पण तिचा हप्ता बहुतेकदा करापूर्वीच्या पगारातूनच वळता होतो. आज कर वाचतो, पण पेन्शनसाठी मोजला जाणारा पगारही तेवढा घटतो. हे फायद्याच्या आकड्याखाली बारीक अक्षरात असतं.

घरच्या ग्रुपवर सध्या नव्या श्रमसंहितांची, म्हणजे नव्या कामगार कायद्यांची, चर्चा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग आता वेतनात धरायचा. त्यामुळे पीएफ वाढेल, हातात कमी येईल, ही सगळ्यांची काळजी. ज्यांचा पीएफ १५,००० रुपये वेतनाच्या मर्यादेवरच कापला जातो त्यांना तसा फरक पडत नाही. पण ज्यांचा वाढेल, त्यांच्या दोन्ही बाजूंचे १२ टक्के सीटीसीतूनच जाणार, हे कुणी बोलत नाही. मालकाचा वाटा कामगाराच्या वेतनातून कापू नये, असं पीएफच्या योजनेत स्पष्ट म्हटलंय. सीटीसी तो कापत नाही, आधीच मोजून ठेवते.

दादाचं म्हणणं, "शेवटी सगळं पगारातूनच येतं, मग बस नको, रोख द्या." एकट्या माणसाला ते परवडतं. पण पाळणाघराचं काय? मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते. ज्यांना मूल नाही ते सगळे रोख घेऊन बाजूला झाले, तर जागेचं भाडं आणि सांभाळणाऱ्या बाईंचा पगार चार आयांच्या डोक्यावर येतो. मग चौघींपैकी दोघी नोकरी सोडतात. अशा सोयींचा खर्च डोकी मोजून विभागता येत नाही, असं मला अगदी मनापासून वाटतं.

याचं उत्तर परदेशातून आणायची गरज नाही. आमचे बाबा भांडुपच्या एका कारखान्यात होते आणि काही वर्षं कॅन्टीन समितीवर होते. १९४८ च्या कारखाने कायद्यात १९७६ साली एक दुरुस्ती झाली: कॅन्टीनचा कोणता खर्च पदार्थाच्या किमतीत धरायचा नाही आणि मालकाने सोसायचा, हे नियमांनी ठरवायचं. बाबा ते घरी असं समजावून सांगत: जागा, भांडी, गॅस, आचाऱ्याचा पगार मालकाचा, कुपनात फक्त मटकी, तेल, कांदा. आणि समितीवर कामगार असल्यामुळे उसळीचा दर वाढवायचा झाला की मटकीचं बिल टेबलावर यायचं. बाबा ते बिल घरी आणून आईला दाखवत, दुकानातला भाव खरा आहे का म्हणून.

हीच विभागणी बसला लावा. गाडी आणि ड्रायव्हर कंपनीचे, रोज बसणाऱ्याने फक्त डिझेलच्या वाट्यापुरतं द्यावं. पगाराप्रमाणे कमी-जास्त द्यावं, कारण साहेब आणि शिपाई दोघांना अडीच हजार सारखे नसतात. आणि कंत्राटी सुरक्षारक्षक, सफाईवाल्या मावशी यांनाही त्याच बसमध्ये जागा हवी. आज भाच्याच्या बसमध्ये त्यांना चढू देत नाहीत, कुर्ल्यापर्यंत त्या शेअर रिक्षाने जातात.

भाच्याला मी एवढंच लिहिलं: बसचं कंत्राट महिन्याला कितीचं, सीटा किती, भरलेल्या किती, हे एचआरला लेखी विचार. आणि एकट्याने नको, तुम्ही सगळे बसवाले मिळून विचारा. परवा त्याचा मेसेज आला, सतरा जणांनी सही केली आहे.