४५ मिनिटांत जंजिरा

गेल्या रविवारी मुरूडहून परतलो, त्याला आज चार दिवस झाले, तरी संताप उतरायला तयार नाही. राजपुरीच्या धक्क्यावर भर उन्हात पावणेदोन तास रांगेत उभे राहिलो, शिडाच्या होडीत दाटीवाटीने बसलो आणि जंजिऱ्याच्या पायरीवर पाऊल टेकते न टेकते तोच मागून आरोळी आली, ‘‘४५ मिनिटांत खाली या, होडी थांबणार नाही!’’ एवढा मोठा किल्ला, आणि तो पाहायला शाळेच्या एका तासाइतका वेळ!

बरोबर माझे वडील होते. त्यांचे वय ७४ आहे. ३० वर्षे त्यांनी शाळेत इतिहास शिकवला, फळ्यावर खडूने जंजिऱ्याचा नकाशा काढून दाखवला, पण प्रत्यक्ष जंजिरा त्यांनी कधी पाहिला नव्हता. खिशात छोटी वही आणि पेन्सिल घेऊन ते आले होते. दरवाजाजवळ पंजांत हत्ती धरलेल्या शरभाचे, म्हणजे वाघासारख्या काल्पनिक प्राण्याचे, शिल्प आहे, त्यापुढे ते क्षणभर थांबले, तर मागच्यांनी ‘‘चला, चला’’ करून त्यांना आत लोटले. आत वाटाड्याने ठरलेले पाठांतर सुरू केले: २२ एकर, बांधायला २२ वर्षे, २२ बुरूज. हा बाविसाचा पाढा मी चौथ्यांदा ऐकला आणि प्रत्येक वेळी तितकीच चीड आली. बाबा एवढेच म्हणाले, ‘‘बुरूज मी स्वतः मोजतो.’’ गुडघे दुखत असताना ते तटावर चढले आणि एकेका बुरुजाशी थांबून वहीत खूण करू लागले. नवव्या बुरुजावर होते, तेव्हा खालून शिट्ट्या सुरू झाल्या. होडीवरचा एक पोरगा वर आला, त्याने त्यांचा दंड धरला आणि म्हणाला, ‘‘ओ आजोबा, तोफ बघितली ना? मग झाला की किल्ला बघून!’’

तोफ बघितली म्हणजे किल्ला बघून झाला? कलालबांगडी मोठी आहे, मान्य; पण तिच्यावर पोरे बसवून फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीत तीही धड दिसत नाही. भोवती खारे पाणी असताना आत गोड्या पाण्याचे तलाव आहेत, सुरूलखानाच्या वाड्याच्या भिंती अजून उभ्या आहेत, बालेकिल्ला आहे. तटावरून समुद्रात पद्मदुर्ग दिसतो, जो शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याच्या सिद्दी राज्यकर्त्यांना शह देण्यासाठी बांधवला. १६८२ च्या सुमारास संभाजी महाराजांनी किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत दगडांचा बांध घालायला घेतला होता, ती राजपुरीकडची खाडी बाबांना तटावरून डोळे भरून पाहायची होती. यातले काय ४५ मिनिटांत बसते?

पावसाळ्यात होड्या बंद असतात, हंगाम तोकडा असतो आणि त्यावरच त्या माणसांची घरे चालतात, हे मला कळते. जास्त पैसे मागा, मी देईन. पण ज्याला चार तास थांबायचे आहे, त्याला नंतरच्या कोणत्याही होडीने परत आणायला काय हरकत आहे? मालवणला सिंधुदुर्गावर गेलो होतो, तेव्हाही हेच. महाराजांच्या हातापायाचे ठसे आणि शिवराजेश्वराचे मंदिर घाईघाईने पाहिले, तेवढ्यात तास संपला. कोर्लईच्या किल्ल्यावर चालत जाता येते, म्हणून तिथे मी पोर्तुगीज शिलालेखांपाशी अर्धा दिवस बसू शकलो आणि मला कोणी दंडाला धरून उठवले नाही.

आणि ज्यांना किल्ला बघायचाच नसतो, त्यांना मात्र ४५ मिनिटे भरपूर पुरतात. वाड्याच्या भिंतीवर एक तरुण दगडाने आपले आणि मैत्रिणीचे नाव कोरत होता. मी अडवले तर म्हणाला, ‘‘इथे आधीच एवढी नावे आहेत, माझ्या एकट्याने काय बिघडणार आहे?’’ संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, असा कायदा आहे. पण पकडायला तिथे कोणी नव्हते. शिट्ट्या वाजवायला मात्र तिघे होते. तलावात तरंगणाऱ्या बाटल्या आणि येताना काशीदच्या पुळणीवर लाटांपर्यंत नेलेल्या गाड्या यांबद्दल लिहू लागलो, तर रात्र पुरणार नाही.

खरा कहर पुढेच झाला. आम्हाला धावत खाली आणून होडीत बसवले आणि मग होडी दरवाजासमोरच डुलत राहिली, कारण दोन प्रवासी यायचे होते. ते आले. राजपुरीला पोहोचलो, तर धक्क्याला आधीच दोन होड्या लागलेल्या, म्हणून पुन्हा पाण्यातच थांबलो. मी घड्याळ लावून पाहिले: दोन्ही मिळून ३५ मिनिटे. बाबा सगळा वेळ किल्ल्याकडे तोंड करून बसले होते. होडीतून दिसतील तेवढे बुरूज ते बोटाने मोजत होते आणि लाटेबरोबर होडी फिरली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होते.